सर्व्हरची डिस्क अडली की आधी काय बघायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

बेळगाव : गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन दिवस लाइट येत-जात होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागातल्या एका वाचनालयातून फोन आला. "ओ सर, तुम्ही कॉम्प्युटरचं बघता न्हवं? आमचं मशीन चालूच होईना झालंय. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबत्यात."

मी बातमीदार. शिक्षण कॉमर्सचं. पण आमच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर कुणीतरी सांभाळायचा म्हणून तो माझ्या गळ्यात पडला, आणि तेव्हापासून गावात कुणाचंही मशीन रुसलं की फोन माझ्याकडे येतो. या वाचनालयाच्या मशीनवर जुन्या सभांची इतिवृत्तं, नाटकांची हँडबिलं आणि काही हस्तलिखितं यांचे स्कॅन होते. पोरांनी दोन वर्षं रविवारी रविवारी बसून केलेलं काम. आणि ज्या कपाटात मूळ कागद ठेवले होते, त्याला मधल्या काळात वाळवी लागली होती. म्हणजे कित्येक पानांची एकमेव प्रत त्या डिस्कवर.

मी पोहोचेपर्यंत ज्या पोराने मशीन जोडून दिलं होतं त्याचा सल्ला फोनवर आलेला होता : "एफएससीके मारा, विचारेल तिथं वाय वाय दाबत जावा, होतंय." सुदैवाने ग्रंथपाल बाईंनी काहीही दाबलं नव्हतं. त्यांना भीती वाटली म्हणून. त्या भीतीने वाचनालयाचे स्कॅन वाचवले, हे पुढे कळेलच.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, पणजी, कुठेही जा, मराठी मंडळं, शाळा, पतसंस्था यांच्याकडे असं एखादं मशीन कोपऱ्यात चालू असतं आणि ते सांभाळणारा माणूस माझ्यासारखाच अर्धशिक्षित असतो. त्याच्यासाठी हे टिपण. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कळफलकावर ती इंग्रजीतल्या लहान अक्षरांत टाइप करायची. 'एलएसबीएलके' म्हणजे ती पाच अक्षरं एकापाठोपाठ, मध्ये जागा नाही. बहुतेक कमांडना रूटचा अधिकार लागतो, म्हणजे पुढे 'सुडो' लावायचं.

बिघाड कुठल्या मजल्यावर?

'डिस्क गेली' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. प्रत्यक्षात डिस्क ते फाइल या वाटेवर बरेच मजले आहेत. तळाला वीजपुरवठा आणि केबल. त्यावर मदरबोर्डवरचा कंट्रोलर. मग डिस्क स्वतः. डिस्कवर पार्टिशन. काही ठिकाणी त्यावर रेड किंवा एलव्हीएम. त्यावर फाइलसिस्टिम. आणि सगळ्यात वर, ती फाइलसिस्टिम कुठल्या फोल्डरला जोडायची हे सांगणारी 'ईटीसी' फोल्डरमधली 'एफएसटॅब' ही फाइल.

तपासणी खालून वर करायची. एफएससीके हे वरच्या मजल्यावरचं हत्यार आहे. खाली केबल सैल असताना ते चालवलं तर चुकीचं वाचलेलं खरं मानून ते 'दुरुस्ती' करतं आणि तीच चूक डिस्कवर कायमची लिहून ठेवतं.

कॉमर्सवाल्यांना हे लगेच समजेल. एक्स्ट४ या फाइलसिस्टिमला स्वतःची रोजकीर्द असते, इंग्रजीतही तिला जर्नलच म्हणतात. व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत. मधेच लाइट गेली तर पुढच्या वेळी मशीन चालू होताना रोजकीर्द वाचून खतावणी पूर्ण केली जाते. त्यामुळे नुसत्या लाइट जाण्याने सहसा मोठं नुकसान होत नाही. एफएससीके म्हणजे ऑडिटर. वह्या भिजलेल्या, पानं चिकटलेली असताना ऑडिटरला बसवलं आणि वर 'जे जुळत नाही ते खोडा' असा अधिकार दिला, तर तो काय करील?

कर्नेलचं म्हणणं आधी ऐका

काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' असं येऊन पासवर्ड मागत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. एफएसटॅबमध्ये लिहिलेली एखादी डिस्क सापडली नाही किंवा ती जोडता आली नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. सिस्टिमडी त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं, मग हात वर करतं. रूटचा पासवर्ड द्या, आत जा.

पहिली कमांड : 'एलएसबीएलके -ओ', आणि पुढे स्वल्पविराम देऊन नेम, साइज, मॉडेल, सिरियल, एफएसटाइप. कुठली डिस्क दिसते, कुठली नाही हे कळतं. सिरियल नंबर कागदावर उतरवून घ्या, डिस्कच्या लेबलावर तोच असतो. एसडीए, एसडीबी ही नावं मात्र उतरवू नका. ती पोर्ट बदलला, पेनड्राइव्ह लावला, कधी नुसतं रीस्टार्ट केलं तरी बदलू शकतात.

दुसरी : 'डीएमईएसजी -टी', त्यातला टी मोठा. कर्नेलने मशीन चालू झाल्यापासून जे जे पाहिलं ते वेळेसकट तिथे असतं. आधीच्या वेळचं हवं असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१'. हजार ओळी असतील, पण आपल्याला चारच शब्द शोधायचे आहेत.

'आयसीआरसी' हा शब्द दिसला तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडतोय. संशय केबलवर, कनेक्टरवर. 'यूएनसी' दिसला तर डिस्कला स्वतःच्या पत्र्यावरचं वाचता येत नाहीये, म्हणजे दुखणं आतलं आहे. 'हार्ड रिसेटिंग लिंक' पुन्हा पुन्हा येत असेल तर केबल, वीजपुरवठा किंवा मरायला टेकलेली डिस्क, तिन्ही शक्य. त्याच्या जोडीला लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, मग दीडवर उतरलेला दिसला तर केबलपासून सुरुवात करा. आणि 'रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली' याचा अर्थ असा की फाइलसिस्टिमने गडबड ओळखून स्वतःच लिहिणं थांबवलं. ही तक्रार नव्हे, उपकार आहे. 'रीमाउंट करून परत लिहितं कर' असे सल्ले मिळतात ते ऐकू नका.

लाइटच्या खेळात स्वस्तातली एसएमपीएस हा आणखी एक संशयित. डिस्क एकटी असताना चालते आणि दोन-तीन डिस्क एकदम कामाला लागल्या की एखादी गायब होते, असं असेल तर आधी एकातून दोन वायरी काढणारा तो स्प्लिटर बाजूला करा.

वाचनालयाच्या मशीनवर आयसीआरसीची रांग लागली होती आणि लिंक दीड गिगाबिटवर आली होती. केबल काढली तर एका टोकाचा पितळी चाप तुटलेला. ३०–४० रुपयांची वस्तू. नवी लावली, मशीन चालू झालं, फोल्डर दिसले. बाईंनी चहा सांगितला. मलाही वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं.

डिस्कची नाडी

केबल बदलल्यावर मी स्मार्टची नोंद नीट बघायला हवी होती. ती न बघता थेट फाइली बाहेर कॉपी करायला घेतल्या, आणि एक तृतीयांश झाल्यावर कॉपी अडकली. डीएमईएसजीत या वेळी यूएनसी. दोन दुखणी एकाच वेळी होती, एक सापडल्यावर मी दुसरं शोधायचं थांबवलं. ही चूक माझी.

'स्मार्टसीटीएल -ए' आणि पुढे डिस्कचं नाव, एवढंच करायचं असतं. स्मार्टसीटीएल नसेल तर स्मार्टमॉनटूल्स नावाच्या पॅकेजमध्ये मिळतं. यूएसबी डब्यातली डिस्क असेल तर '-डी सॅट' जोडून बघा. 'ओव्हरऑल हेल्थ : पास्ड' अशी ओळ येते तिच्यावर विश्वास ठेवू नका. मरणासन्न डिस्कसुद्धा पास्ड दाखवते, कारण कंपनीने ठेवलेली नापासाची रेषा फार खाली असते. खालचा तक्ता बघा, आणि त्यात शेवटचा रकाना, म्हणजे कच्चा आकडा.

क्रमांक ५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे आत्ता वाचता न येणारे, निकाल प्रलंबित असलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. १९९ म्हणजे वाटेत बिघडलेली देवाणघेवाण, अर्थात केबल. १९९ चा आकडा जुना हिशेब असतो, तो कधी खाली येत नाही. केबल बदलल्यावर तो जिथे होता तिथेच थांबला पाहिजे. वाढत राहिला तर दुसऱ्या टोकाला किंवा पोर्टमध्ये दोष आहे.

१९७ मात्र सगळ्यात महत्त्वाचा. शून्याच्या वर काहीही असेल तर त्या जागी असलेला डेटा या क्षणी धोक्यात आहे. त्या सेक्टरवर नवं काही लिहिलं की आकडा शून्य होऊ शकतो, आणि म्हणूनच 'डिस्क पूर्ण फॉरमॅट मारली, आता चांगली झाली' असा अनुभव लोक सांगतात. डिस्क बरी झालेली नसते, तिथलं जे होतं ते पुसलं गेलेलं असतं.

वाचनालयाच्या डिस्कवर क्रमांक ५ शून्य, १९७ वर २४. आणि ऑडिटरला वाय वाय म्हणायचा सल्ला याच डिस्कसाठी होता.

एनव्हीएमई एसएसडीवर हे क्रमांक नसतात. तिथे मीडिया एरर, उरलेली राखीव जागा आणि वापरलेली टक्केवारी बघायची. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता जाते, आणि तिच्यावरची खोडलेली फाइल ट्रिम झाल्यावर सहसा परत मिळत नाही. फिरणारी डिस्क कुरकुर तरी करते. पण त्या कुरकुरीत ठराविक अंतराने 'टक्, टक्' असा आवाज यायला लागला तर लगेच वीज बंद करा. हेड जागेवर बसत नाहीये, प्रत्येक मिनिट महाग आहे, तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायची म्हणणारे अजून भेटतात. आत पाणी सुटतं, एवढंच त्यातून होतं.

आधी प्रत, मग दुरुस्ती

यासाठी हत्यार एकच, ग्नू डीडीरेस्क्यू. साधं 'सीपी' किंवा 'डीडी' खराब जागेवर अडखळतं किंवा थांबतं. डीडीरेस्क्यू खराब जागा बाजूला टाकून पुढे जातं, चांगलं वाचता येतं ते सगळं आधी उचलतं आणि मग मागे येऊन उरलेल्या जागांशी झटापट करतं. डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नसताना हा क्रम फार मोलाचा असतो.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग नवी, मग मॅप फाइल. हा क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाईल. एंटर मारायच्या आधी सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आम्ही तसंच केलं. बाई वाचत होत्या, मी पडद्यावर बोट ठेवत होतो.

पहिली फेरी '-एफ -एन' लावून. एफ म्हणजे डिस्कवर थेट लिहायला संमती, एन म्हणजे हट्टी जागा खरवडू नको. दुसऱ्या फेरीत एन काढायचा आणि '-डी -आर३' लावायचं, म्हणजे उरलेल्या जागा तीनदा वाचून बघ. मॅप फाइल तिसऱ्याच जागी ठेवा आणि जपा. तिच्यात कुठला तुकडा आला, कुठला राहिला हे लिहिलेलं असतं. लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. आमच्याकडे दोनदा गेली.

२ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी साडेपाच तास लागतात. आजारी डिस्कला दोन रात्री लागल्या. टेबलफॅन डिस्ककडे तोंड करून ठेवला होता.

या सगळ्या वेळात मूळ डिस्क माउंट करायची नाही. आणि इथे एक बारीक खोच आहे जी पुष्कळांना माहीत नसते : एक्स्ट४ 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली तरी ती अर्धवट राहिलेली रोजकीर्द डिस्कवर उतरवते. म्हणजे लिहितेच. तेही नको असेल तर 'आरओ' सोबत 'नोलोड' द्यायचं. एक्सएफएसला त्याच कामासाठी 'नोरिकव्हरी'.

प्रत हातात आल्यावर मूळ डिस्क काढून, कागद चिकटवून कपाटात. मगच ऑडिटरला बोलवायचं, तेही प्रतीवर. एक्स्ट४ साठी आधी 'ई२एफएससीके -एफ -एन'. इथे एन म्हणजे सगळ्या प्रश्नांना 'नाही', फक्त यादी दाखव. यादी दोन-चार ओळींची असेल तर एन काढून चालवा. यादी पानंच्या पानं वाहत असेल तर थांबा आणि विचार करा. सुपरब्लॉक, म्हणजे वहीचं पहिलं पानच फाटलं असेल, तर एक्स्ट४ त्याच्या नकला आत ठेवतं. ४ केबीच्या ब्लॉकवर पहिली नक्कल बहुधा ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, ती '-बी ३२७६८' असं सांगून वापरता येते. एक्सएफएसचं शास्त्र वेगळं : तिथे एफएससीके काहीच करत नाही, 'एक्सएफएस_रिपेअर' लागतं. ते कधी कधी '-एल' लावायला सुचवतं, त्यातला एल मोठा. तो एल रोजकीर्द फाडून टाकतो. नुसतं माउंट करून रोजकीर्द आपोआप उतरते का, हे आधी प्रतीवर बघा.

बॅकअप कुठे गेला होता?

आता तुम्ही विचाराल, बॅकअप नव्हता का? होता. रोज रात्री ११ ला चालत होता. यूएसबी डिस्क टेबलावर निळा दिवा लावून बसलेली होती. उघडून बघितली तर शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

झालं असं. यूएसबी डिस्क मुख्य डिस्कवरच्या 'बॅकअप' नावाच्या फोल्डरला जोडलेली होती. एफएसटॅबमध्ये तिचं नाव एसडीसी१ असं लिहिलेलं. मधे कुणीतरी प्रिंटरसाठी यूएसबीची खोकी हलवली, डिस्कचं नाव बदललं. ओळीत 'नोफेल' होतं, म्हणून मशीन तक्रार न करता चालू झालं. फोल्डर मात्र तिथे होताच, रिकामा. बॅकअपची स्क्रिप्ट त्यातच लिहीत राहिली. म्हणजे आठ महिने मुख्य डिस्कचा बॅकअप त्याच डिस्कवर. रोज 'यशस्वी' असा संदेश येत होता आणि तो खोटाही नव्हता.

यावर उपाय तीन, तिन्ही करा. एफएसटॅबमध्ये एसडीसी१ सारखी नावं कधी लिहू नका, 'बीएलकेआयडी' चालवून मिळणारा यूयूआयडी लिहा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' ने फोल्डरला खरंच डिस्क जोडलेली आहे का हे तपासा, नसेल तर ओरडून थांबा. आणि डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' लावून कुलूप घाला. मग डिस्क नसेल तर तिथे रूटलाही फाइल टाकता येत नाही, आणि डिस्क जोडली की सगळं नेहमीसारखं चालतं. हा तिसरा उपाय मला फार आवडतो, कारण तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

नोफेल वाईट नाही. बाहेरच्या डिस्कसाठी तो हवाच, नाहीतर यूएसबी डिस्क काढलेली असताना लाइट जाऊन आली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये बसणार आणि किल्ली असलेला माणूस गावाला गेलेला असणार. फक्त त्याच्यासोबत तपासणी हवी.

यूयूआयडीची एक उपगोष्ट. डीडीरेस्क्यूने केलेल्या प्रतीचा यूयूआयडी मूळ डिस्कसारखाच असतो, जुळ्या भावांना एकच आधार क्रमांक मिळावा तसं. दोन्ही लावून मशीन चालू केलं तर कुठली जोडली जाईल याची खात्री नाही. एक्सएफएस दुसरीला माउंट करायला सरळ नकार देतं, एक्स्ट४ गुपचूप कुठलीतरी एक घेतं. म्हणून मूळ डिस्क कपाटात.

'जागा नाही' पण जागा आहे

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो, म्हणून इथेच उरकतो. 'नो स्पेस लेफ्ट' म्हणतंय पण 'डीएफ -एच' मध्ये जागा दिसते? 'डीएफ -आय' बघा. एक्स्ट४ फॉरमॅट करतानाच फाइलींच्या नोंदींची संख्या ठरवून टाकते, साधारण १६ केबीला एक. लाखो बारीक फाइली, जुने ईमेल, थंबनेल साठले की जागा असूनही नोंदवही संपते.

उलट प्रकार : डीएफ म्हणतं भरलं, पण 'डीयू' ने बेरीज केली तर तेवढं भरत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली मोठी लॉग फाइल कुणीतरी खोडलेली असते. प्रोग्रॅम सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ +एल१' ती दाखवतं (एल मोठा), तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की झालं. नाहीतर वाचनालयासारखं : माउंट झालेल्या डिस्कच्या खाली जुन्या फाइली दडलेल्या. डिस्क उतरवून फोल्डरमध्ये डोकावा.

आणि एक्स्ट४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात. फक्त डेटाच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस -एम १' करून टक्क्यावर आणायला हरकत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र ती राखीव जागा असू द्या.

नवी डिस्क लावताना

पार्टिशन जीपीटीच ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीला सर्वसाधारण डिस्कवर २ टीबीच्या पुढचं दिसत नाही. ४ टीबीची डिस्क घेऊन निम्मीच वापरणारे मी बघितलेत. डब्यावर २ टीबी आणि मशीनमध्ये १.८ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि मशीन १०२४ ने.

फाइलसिस्टिम कुठली? लहान संस्थेला माझं उत्तर एक्स्ट४. २००८ पासून लिनक्स कर्नेलमध्ये स्थिर म्हणून आहे, आणि रात्री अकराला अडलात तर तिच्याबद्दल सांगणारा कुणीतरी सापडतो. एक्सएफएस मोठ्या फाइलींना छान, पण ती लहान करता येत नाही, हे आधी माहीत हवं. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी ठेवतात, गुपचूप बिघडलेला डेटा ओळखतात. स्कॅन जपणाऱ्या संस्थेला हे खरं तर हवं. पण ते शिकायला वेळ देणारा माणूस संस्थेत नसेल तर नको.

एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली की लगेच रीस्टार्ट करू नका. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, मग 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड', मग 'माउंट -ए'. तिन्हींपैकी कुणी तक्रार केली नाही तर रीस्टार्ट, आणि तो तुम्ही समोर असताना. गोव्याला पोहोचल्यावर नव्हे.

दोन डिस्कची आरसा जोडी, म्हणजे रेड १, करणार असाल तर एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. साध्या डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती तो वाचायचा प्रयत्न बराच वेळ करत बसते. लिनक्स मात्र ३० सेकंद थांबतं आणि मग डिस्क मेली असं धरून लिंक तोडतं. एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क जोडीतून बाहेर. 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०' ने डिस्कला सात सेकंदांत हार मानायला सांगता येतं, काही डिस्क ऐकतात, काही ऐकत नाहीत. न ऐकणाऱ्यांसाठी कर्नेलची वाट बघण्याची मुदतच १८० सेकंद करायची. रेडची प्रकृती 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'एमडीस्टॅट' फाइलीत दिसते : दोन यू असतील तर ठीक, एका यूच्या जागी खालची रेघ असेल तर तुम्ही एका पायावर उभे आहात. अर्थात, चुकून खोडलेली फाइल रेड १ दोन्हीकडून त्याच क्षणी खोडते. बॅकअप वेगळाच हवा.

दर महिन्याला एकदा 'स्मार्टसीटीएल -टी लाँग' लावून ठेवायचं. डिस्क स्वतःच सगळे सेक्टर वाचून बघते, काम चालू असतानाही चालतं. कधी न उघडलेल्या फाइलीखालचा खराब सेक्टर याशिवाय कळत नाही. वाचनालयात ही तपासणी एकदाही झाली नव्हती.

त्या डिस्कचं शेवटी काय झालं

दोन रात्रींनंतर मॅप फाइलीत न वाचलेले तुकडे उरले ते काही केबींचे. कुठल्या फाइलींवर ते पडले हे शोधता येतं, थोडं किचकट आहे. मॅपमधला पत्ता बाइटमध्ये असतो; त्यातून पार्टिशनची सुरुवात, म्हणजे आमच्या डिस्कवर १०,४८,५७६, वजा करायची, ४०९६ ने भागायचं, की ब्लॉक क्रमांक मिळतो. 'डीबगएफएस' मध्ये 'आयचेक' ला तो दिला की नोंद क्रमांक, आणि तो 'एनचेक' ला दिला की फाइलीचं नाव. वजाबाकी-भागाकाराचं काम असल्यामुळे मला बरं वाटलं.

चार नावं निघाली. एक थंबनेल होतं, ते परत तयार झालं. तीन स्कॅन केलेली पानं. बाईंनी वाळवीच्या कपाटातून उरलेले गठ्ठे अंगणात पसरले आणि दुपारभर शोधून दोन पानं काढली, कडा खाल्लेल्या पण मजकूर शाबूत. ती त्याच संध्याकाळी पुन्हा स्कॅन केली.

तिसरं एका सभेच्या इतिवृत्ताचं दुसरं पान. कागद वाळवीने नेला, आणि स्कॅन उघडला की वरच्या सहा ओळी दिसतात, त्याखाली राखाडी पट्टा.